मुंबई–पुणे सायकल शर्यत का मंदावली, आणि ती पुन्हा भरवावी का?

तुमचे वडील चेंबूरला राहायचे, शर्यतीच्या सकाळी नाक्यावर उभे राहून मुंबई–पुणे सायकल शर्यतीचा घोळका जाताना पाहायचे आणि शेवटचा स्पर्धक निघून गेल्यावरही बराच वेळ तिथून हलायचे नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. आज तुमच्या सायकल गटात दोनशेच्या वर माणसे आहेत, बहुतेकांकडे परदेशी बनावटीच्या गिअरच्या सायकली आहेत; मग ही शर्यत मागे का पडली, आणि तुमच्या गटाने ती पुन्हा भरवायची ठरवली तर काय करावे लागेल, असा तुमचा प्रश्न आहे. मी तरुणपणी या शर्यतीत उतरलो आहे, मधल्या गर्दीतच राहिलो आहे, आणि पुढे अनेक वर्षे मुंबई, ठाणे, रायगड या भागांतल्या रस्त्यावरच्या शर्यतींना पंच म्हणून उभा राहिलो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती आधी बाजूला काढू. सायकल चालवणारे कमी झाले म्हणून शर्यत मंदावली आणि आता ते वाढले आहेत म्हणून ती परत येईल, असे तुम्ही धरून चालला आहात. रस्त्यावरची शर्यत स्पर्धकांच्या संख्येवर उभी नसते. ती उसन्या घेतलेल्या रस्त्यावर उभी असते. मैदान भाड्याने मिळते, तरणतलाव राखून ठेवता येतो, पण दीडशे किलोमीटरचा महामार्ग अर्ध्या दिवसासाठी कोणीतरी तुम्हाला द्यावा लागतो, आणि देणाऱ्याला तो देण्यासारखे काही वाटावे लागते. म्हणून खरा प्रश्न असा आहे की हा रस्ता पूर्वी का मिळत होता, आता का मिळत नाही, आणि त्याचा कोणता तुकडा आजही मिळू शकेल.

यातल्या बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. कोणता महिना, कोणता वार, शर्यत निवडक पन्नास जणांची की खुली, त्या वर्षी निवडणुकीचा किंवा मोठ्या सणाचा बंदोबस्त आहे का, आणि तुमचा अर्ज ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाईल त्याने कधी सायकल शर्यत पाहिली आहे का, यावर उत्तर बदलते. एका वर्षी सहज मिळालेली परवानगी पुढच्या वर्षी बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याने पहिल्याच भेटीत नाकारल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यात त्यांची चूक होती असे मला आजही वाटत नाही.

आता शर्यत मोठी कशी झाली ते पाहू. 1940 च्या दशकात सुरू झालेल्या या शर्यतीला दोन गोष्टी आयत्या मिळाल्या होत्या. पहिली म्हणजे तिचे नावच तिचा नियम होता: मुंबईहून निघायचे, पुण्याला पोहोचायचे. सायकलीतले काही न कळणाऱ्यालाही हे कळते, कारण मुंबईतल्या निम्म्या मराठी घरांचे कोणी ना कोणी पुण्याला असते आणि तो प्रवास प्रत्येकाने केलेला असतो. 1930 मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनने जो प्रवास खिडकीत बसून, चहा-कटलेट खात व्हायचा, तोच कोणीतरी दोन पायांवर करतो आहे, एवढ्या तुलनेवर नाक्यावरची गर्दी जमायची.

दुसरी गोष्ट म्हणजे बोरघाट. या घाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला. समुद्रसपाटीपासून फार उंच नसलेल्या खोपोलीहून तो दहा-बारा किलोमीटरांत सुमारे पाचशे मीटर वर चढून खंडाळ्याला पोहोचतो. शर्यतीच्या दृष्टीने घाटाची जागा इतकी नेमकी आहे की कोणी मुद्दाम आखली असती तरी याहून चांगली जमली नसती. मुंबईपासून खोपोलीपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट. तिथे कोणी कितीही जोर लावला तरी घोळका फुटत नाही, कारण पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून चालवणाऱ्याची जवळपास तीस टक्के मेहनत वाचते. घाटात वेग ताशी अठरा-वीसवर येतो, मागे लपण्याचा फायदा जवळपास संपतो, आणि ज्याच्या अंगात दम आहे तो उघडा पडतो. साठ किलोचा गडी आणि दहा किलोची सायकल मिळून सत्तर किलो वजन पाचशे मीटर उचलायचे आहे. कसलेल्या स्पर्धकालाही त्याला तीस ते पस्तीस मिनिटे लागतात, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात सपाटीवरच्या दोन तासांत न झालेले काम होते. घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटांचा राजा' हा वेगळा किताब होता, आणि पुण्यातला विजेता कोण हे विसरलेली माणसेही त्या वर्षीचा घाटांचा राजा कोण हे सांगत असत.

तरी घाट जिंकणारा शर्यत जिंकेलच असे नसे. खंडाळ्यानंतर लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड असा साठ-पासष्ट किलोमीटरचा पल्ला उरतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मावळात वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे नेमका तोंडावर येतो. घाटात एकटा पुढे गेलेला गडी इथे वारा खात राहतो आणि मागून चार-पाच जणांची टोळी आळीपाळीने पुढे येत त्याला गिळते. माझ्या पिढीतले जुने खेळाडू आम्हाला सांगत की घाटात दुसरा ये, पण कामशेतच्या खिंडीत एकटा सापडू नकोस. हा सल्ला मी एकदा मानला नाही आणि वडगावच्या अलीकडे पायात गोळे येऊन रस्त्याच्या कडेला बसलो. एका उसाच्या रसवाल्याने मीठ घातलेला रस पाजला तेव्हा पुढे निघालो.

पंच म्हणून मला नेहमी आठवते ती घाटमाथ्यावरची रेघ. भल्या पहाटे जाऊन आम्ही चुन्याने रस्त्यावर आडवी रेघ मारायचो, आणि ट्रकांच्या चाकांनी ती पुसली जायची म्हणून स्पर्धक येण्याआधी पुन्हा मारायचो. एक जण नंबर ओरडून सांगायचा, दुसरा लिहायचा, तिसऱ्याच्या हातात स्टॉपवॉच. कॅमेरा नाही, चिप नाही. पहिले चार-पाच जण सुटे सुटे यायचे, त्यांचे चेहरे मिठाने पांढरे झालेले असायचे, आणि मग वीस-पंचवीस जणांचा झुबका एकदम यायचा तेव्हा लिहिणाऱ्याचा हात थरथरायचा. सीटखाली गुंडाळून बांधलेला सुटा टायर, पाठीवरच्या खिशात केळी आणि चिक्की, आणि पंक्चर झाले तर स्वतःच टायर ओढून काढून नवा चढवायचा. ज्यांच्या मागे मेकॅनिकची गाडी होती ते रेल्वे आणि सेनादलाचे खेळाडू. सांगली, कोल्हापूर, पुण्याकडून एकेकटे आलेल्या पोरांकडे ती नसे. त्या पोरांचे डोळे रेल्वेच्या गाडीकडे लागलेले असत, कारण चांगला नंबर आला तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची दारे उघडत होती. बक्षिसाच्या रकमेपेक्षा ही आशा मोठी होती, आणि ती शर्यत चढत राहण्याचे एक मोठे कारण होती, असे माझे मत आहे.

आता उतरणीकडे येतो. लोक म्हणतात की द्रुतगती मार्ग झाला आणि शर्यत संपली. हे अर्धेच खरे आहे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्यावर सायकलला पहिल्यापासून मनाई आहे. त्याआधी आमच्यापैकी अनेकांना वाटत होते की मोटारी तिकडे गेल्या की जुना रस्ता आपल्याला मोकळा मिळेल. तसे झाले नाही. लांबच्या मोटारी गेल्या खऱ्या, पण पनवेल, खालापूर, खोपोली, तळेगाव यांच्या भोवतीची वस्ती आणि कारखाने वाढत गेले, आणि जुना महामार्ग दोन शहरांना जोडणारा रस्ता न राहता वीस गावांचा रोजचा रस्ता झाला. शर्यतीच्या दृष्टीने हा बदल वाईट आहे. लांबचा ट्रक अडवता येतो, ड्रायव्हर बोरघाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी पैसा टाकून बिडी ओढत थांबतो. पण दूध घेऊन निघालेला दुचाकीस्वार, शाळेची बस, लग्नाचा टेम्पो यांना अडवायचे म्हणजे त्या प्रत्येकाच्या दारात माणूस उभा करावा लागतो. खालापूरच्या पुढे एका आडरस्त्यावरून असाच एक टेम्पो घोळक्यात शिरताना मी पाहिला आहे. आमचा स्वयंसेवक तिथे होता, पण एकच होता, आणि तो त्या क्षणी दुसऱ्या बाजूच्या रिक्षाला थोपवत होता. तीन मुले पडली, एकाचे गळपट्टीचे हाड मोडले. त्यानंतर मी प्रत्येक जोडरस्त्यावर दोन माणसे मिळाल्याशिवाय पंच म्हणून उभा राहिलो नाही, आणि तो नियम लावला की पूर्ण मार्गाचा हिशेबच बसत नाही.

बंद ठेवायच्या वेळेचा हिशेबही नव्या आयोजकांच्या लक्षात येत नाही. शर्यत हा रस्त्यावर सरकणारा बिंदू नाही, ती लांबत जाणारी रांग आहे. पुढचे ताशी चाळीसने आणि मागचे ताशी तीसने जात आहेत असे धरा. नव्वद किलोमीटरला पुढचे सव्वादोन तासांत पोहोचतात, मागच्यांना तीन तास लागतात. म्हणजे पुढचे तिथे पोहोचतात त्या क्षणी शर्यत साडेबावीस किलोमीटर लांब झालेली असते आणि तिथला नाका पाऊण तास अडून राहतो. दीडशे किलोमीटरला हे अंतर सव्वा तासाचे होते. म्हणून जाणते आयोजक मागे पडलेल्यांना ठरावीक वेळेनंतर गाडीत घालून घेतात. स्पर्धक त्यावर रागावतात, आणि खुल्या शर्यतीत तर भांडतात.

परवानग्यांचे वेगळेच गणित आहे. माझ्या मते शर्यत मंदावण्याचे सर्वांत कमी बोलले गेलेले कारण हेच आहे. एकेकाळी या मार्गावर मुंबईचे पोलीस, मग ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आणि घाट चढला की पुणे, एवढ्यावर काम भागायचे. 1973 च्या सुमारास वाशीचा खाडीपूल होण्याआधी पुण्याचा रस्ताच ठाणे, मुंब्रा असा फिरून पनवेलला यायचा, हेही इथे ध्यानात घ्या. म्हणजे 'मुंबई–पुणे' हे नाव कायम असले तरी त्याखालचा रस्ता बदलत आला आहे. आज त्याच मार्गावर मुंबई, मग 1994 मध्ये झालेले नवी मुंबईचे पोलीस आयुक्तालय, मग रायगड पोलीस, घाटमाथ्यावर पुणे ग्रामीण, 2018 मध्ये झालेले पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय, आणि शेवटी पुणे शहर, अशा सहा पोलीस हद्दी ओलांडाव्या लागतात. शिवाय महामार्ग पोलीस आणि रस्त्याची देखभाल करणारी यंत्रणा निराळी. यातल्या पाचांनी होकार दिला आणि सहाव्याने तारीख बदला म्हटले की पहिल्या पाचांकडे पुन्हा जायचे. दर वर्षी हौसेने, पदरमोड करून काम करणारी संघटना हे किती वर्षे करील? एका वर्षी जमले नाही की खंड पडतो. खंड पडला की पुरस्कर्ता दुसरीकडे जातो, बंदोबस्ताची पद्धत माहीत असलेला हवालदार निवृत्त होतो, घाटात रेघ मारणारा म्हातारा होतो. शर्यत अनेकदा थांबली आणि अनेकदा पुन्हा सुरू झाली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. प्रत्येक वेळी ती पहिल्यापेक्षा थोडी उणी होऊन आली.

पुरस्कर्त्याबद्दलही दोन शब्द. अशा शर्यती जगात बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी दुसऱ्याच कामासाठी जन्मल्या आहेत. टूर द फ्रान्स 1903 मध्ये 'लोतो' या वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली. इंग्लंडमधली 'मिल्क रेस' तिथल्या दूध विपणन मंडळाच्या पैशावर 1958 पासून 1993 पर्यंत चालली, आणि मंडळच मोडीत निघाले तेव्हा शर्यतही गेली. आपल्या शर्यतीला असा एकनिष्ठ आणि पैसेवाला आश्रयदाता दीर्घकाळ लाभला नाही. मी ज्या स्थानिक शर्यतींचे काम पाहिले त्यांतल्या एकीत पुरस्कर्त्याने बक्षिसाचे मोठे धनादेश छायाचित्रापुरते वाटले आणि खरे धनादेश मुलांना पुढच्या पावसाळ्यात मिळाले. नाव घेत नाही, पण त्या मुलांपैकी दोघे पुन्हा कुठल्याच शर्यतीत दिसले नाहीत.

लांब पल्ल्याच्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या शर्यतींचे दुखणे एकट्या आपल्याकडचे नाही. बोर्दो–पॅरिस ही जवळपास सहाशे किलोमीटरची शर्यत 1891 मध्ये सुरू झाली, ती एकेकाळी फार मानाची होती आणि 1988 मध्ये बंद पडली. तिच्यासाठी खेळाडूंना वेगळी तयारी करावी लागायची, आणि बाकीच्या वेळापत्रकात ती बसेना. आपल्या शर्यतीचे अंतर मात्र खेळाच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. बसत नाही तो रस्ता.

आता शर्यतीच्या पायाकडे, म्हणजे स्पर्धक कुठून येत होते त्याकडे पाहू, कारण तुमच्या दोनशे जणांचा प्रश्न इथे येतो. तुमच्या वडिलांच्या काळी मुंबईतल्या जवळपास प्रत्येक नाक्यावर तासावर सायकल भाड्याने देणारे दुकान होते. पेपर टाकणारे, दूध पोहोचवणारे, डबेवाले, पोस्टमन, कारखान्यात पाळीला जाणारे सायकलवर होते. एखाद्या वस्तीत कोणी सात दिवस अखंड सायकल चालवण्याचा खेळ लावला तर रात्री दोन वाजताही लोक बघायला उभे असत. अशा वातावरणात शर्यतीला जाणारा मुलगा आकाशातून पडत नव्हता. तो गल्लीत, मग तालुक्याच्या साध्या सायकलींच्या शर्यतीत, मग जिल्ह्यात चमकून इथवर यायचा. मोटरसायकल स्वस्त आणि सोपी झाली तशी कामाची सायकल गेली, आणि कामाच्या सायकलीबरोबर ही उतरंड गेली.

आजची सायकल वेगळ्या दाराने आली आहे. तुमच्या गटातले बहुतेक जण तिशी-चाळिशीतले, नोकरी-व्यवसायात स्थिरावलेले असतील असा माझा अंदाज आहे. त्यांच्या दमाबद्दल मला शंका नाही. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करायची सायकलफेरी, करणारे लोक 200 किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत, 600 किलोमीटर चाळीस तासांच्या आत पूर्ण करतात, रात्रभर चालवतात, आणि हे मुंबईच्या परिसरात बरीच वर्षे नियमित चालू आहे. परंतु ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, आणि ती इतकी फोफावली याचे एक कारण हेच की तिला रस्ता बंद करावा लागत नाही. प्रत्येक जण वाहतुकीचे नियम पाळत आपल्या जोखमीवर जातो. शर्यतीत शेजाऱ्याच्या हँडलला कोपर लागेल इतक्या जवळून, ताशी पंचेचाळीसने वळण घ्यावे लागते. ते वीस-बाविसाव्या वर्षी, शंभर छोट्या शर्यतींतून अंगात येते. तुमचे दोनशे जण एका ओळीत उभे करून झेंडा दाखवला तर पहिल्या वीस किलोमीटरांत किती पडतील याची मला धास्ती वाटते. हे टोचेल, पण पंच म्हणून सांगतो.

मुंबईत तर रस्ते आणखी आकसत आहेत. वांद्रे–वरळी सागरी सेतू 2009 मध्ये झाला, किनारी रस्ता आणि अटल सेतू 2024 मध्ये खुले झाले. यांपैकी कशावरही सायकल नेता येत नाही. शहरातून बाहेर पडणारा वेगवान रस्ता म्हणजे सायकलला बंद रस्ता, हे आता समीकरण झाले आहे. पण ठरवले तर रस्ता मिळतो, याचीही उदाहरणे आहेत. 2010 आणि 2011 मध्ये मुंबईतच आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत झाली, परदेशी व्यावसायिक संघ आले, शहरातले रस्ते त्यांच्यासाठी बंद केले गेले. त्याची परंपरा मात्र झाली नाही. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही चार टप्पे आणि एक छोटी वेळेविरुद्धची शर्यत मिळून 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिचे जे यश आहे त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: सगळा मार्ग एकाच जिल्ह्यात होता आणि खुद्द जिल्हा प्रशासनाने ते काम अंगावर घेतले होते. सहा टेबलांऐवजी एक टेबल.

म्हणून तुमच्या गटाला माझा सल्ला आहे की पूर्ण मुंबई–पुणे शर्यतीच्या मागे लागू नका. तिचा आत्मा घाटात होता, तर घाटच घ्या. खोपोली ते खंडाळा अशी चढाईची, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत भरवा. स्पर्धक एकेका मिनिटाच्या अंतराने सोडले की घोळका नसतो, त्यामुळे एकाच्या पडण्याने दहा पडत नाहीत. साठ स्पर्धक धरले तर शेवटचा सुटायला एक तास आणि त्याला चढायला पाऊण तास. पावणेदोन तासांत रस्ता मोकळा. घाट चढताना वेग कमी असतो म्हणून अपघाताची तीव्रताही कमी. वरून खाली मात्र कोणालाही सायकलवर येऊ देऊ नका. सायकली टेम्पोत घालून खाली आणा. चढणीतला आनंद उतरणीत संपल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

अडचणी यातही आहेत. घाटाच्या वरच्या भागात जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकमेकांना खेटून आणि काही ठिकाणी एकत्र जातात, तिथे तुम्हाला कोणीही परवानगी देणार नाही आणि देऊही नये. त्यामुळे शेवटची रेघ त्याच्या बरीच अलीकडे, जुन्या रस्त्याच्या स्वतंत्र भागातच मारावी लागेल आणि अंतर कमी होईल. होऊ द्या. खोपोली–कुसगाव 'मिसिंग लिंक' हा नवा रस्ता द्रुतगती मार्गाची घाटातली वाहतूक वळवण्यासाठीच आखलेला आहे. ती वळली की वरच्या भागाचे काय करता येईल ते तेव्हा पाहता येईल. अर्ज करताना रेघ रायगडच्या हद्दीतच संपते आहे हे नकाशावर दाखवा, म्हणजे एकाच पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात काम होईल. अर्जाला रुग्णवाहिका कुठे उभी राहील, जोडरस्त्यांवर कोण असेल, आणि अडवलेल्या गाड्या जास्तीत जास्त किती मिनिटे थांबतील हे लिहून जोडा. 'क्रीडासंस्कृती' वगैरे शब्द पहिल्या पानावर नकोत. मिनिटांचा हिशेब पहिल्या पानावर हवा.

स्पर्धकांत दोन गट ठेवा, एक तुमच्यासारख्या हौशी लोकांचा आणि एक एकवीस वर्षांखालील मुलांचा, आणि मुलांच्या गटाला प्रवेश फी घेऊ नका. तुमच्या गटातल्या एकेका सभासदाच्या सायकलीची जी किंमत आहे, तेवढ्यात पाच-सहा मुलांच्या साध्या सायकली आणि प्रवासखर्च निघेल. साध्या सायकलीवर घाट चढणारा एखादा कर्जतचा किंवा खोपोलीचा मुलगा तुमच्यातल्या निम्म्यांच्या पुढे निघेल, तेव्हा तुमच्या वडिलांना नाक्यावर काय दिसत होते ते तुम्हाला कळेल. सलग तीन वर्षे त्याच महिन्यात, त्याच रविवारी हे करण्याची तयारी असेल तरच पहिल्या वर्षी हात घाला.

पहिले काम कागदावरचे नाही. पावसाळा संपला की एका रविवारी पहाटे साडेपाचला वही घेऊन शिंगरोबाच्या देवळापाशी दोघे जण उभे राहा आणि आठ वाजेपर्यंत दर पंधरा मिनिटांना वर जाणारे ट्रक, बस, मोटारी, दुचाकी वेगवेगळ्या रकान्यांत मोजा. पुढच्या रविवारी पुन्हा मोजा. पर्यटकांची गर्दी कधी सुरू होते ती वेळ खूण करून ठेवा. त्या दोन पानांवरून शर्यत किती वाजता सोडायची हे ठरेल. ती पाने घेऊन या, अर्जाचा मसुदा आपण एकत्र बसून करू.